ऑनलाइन दोस्त गेला तर त्याच्यासाठी गाण्यांची बैठक कशी ठेवायची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

ग्रुपवरचा माणूस गेला की मोठी पंचाईत होते. रोज रात्री ज्याच्याशी गाण्यावरून वाद घातला त्याचं घर आपण पाहिलेलं नसतं, त्याच्या बायकोला आपलं नाव माहीत नसतं, घाटावर जावं तर ओळख काय सांगायची आणि नाही जावं तर मन लागत नाही. मग ग्रुपवर ॐ शांतीचे स्टिकर येत राहतात, दोन दिवसांनी कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि विषय संपतो. आमच्या जुन्या गाण्यांच्या ग्रुपवरचा भाऊ गेला (नागपूरच्या इतवारीतला माणूस, सगळेच त्याला नुसतं भाऊ म्हणायचे, न्यू जर्सीवाले सुद्धा) तेव्हा ठरवलं की नाही बापा, ह्याच्यासाठी नीट बसून गाणी ऐकायची. नंतर दुसऱ्यांसाठीही अशा बैठका झाल्या आणि लोक विचारून राहिले की हे केलं कसं, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. ऑनलाइन मित्राचं आपल्याजवळ असतं तरी काय? सोबत काढलेले फोटो नाही, केलेल्या ट्रिपा नाही. असतं ते फक्त त्याचं ऐकणं, म्हणजे त्याने कोणतं गाणं कधी टाकलं आणि त्याच्याखाली काय लिहिलं. तेवढंच धरा. आपल्याला रडू येणारी गाणी लावून बसलो तर तो आपला कार्यक्रम झाला, त्याचा कुठे आला त्यात.

आधी बातमी पक्की, मग घरच्यांशी बोलणं

"असं कळलंय की..." ने सुरू होणाऱ्या मेसेजवर काहीही करू नका. ग्रुपमधल्या कोणीतरी एकाने, एकानेच, घरच्यांशी किंवा शेजाऱ्याशी बोलून खात्री करायची. वीस जणांनी फोन केले तर त्या घराचं काय होत असेल विचार करा. बातमी पक्की झाली की घरच्यांची हरकत नाही ना हे पाहून मग ग्रुपवर टाकायची. आजाराचे तपशील टाकायची गरज नाही, कोणी विचारलं तरी नाही.

घरच्यांना पहिला मेसेज हा सगळ्यात कठीण भाग. त्यांना आपण कोण ते माहीत नसतं आणि अशा वेळी अनोळखी नंबर म्हणजे डोक्याला ताप. आम्ही भाऊच्या घरी जे पाठवलं ते साधारण असं होतं, लागलं तर घ्या:

"वहिनी, नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. भाऊ आमच्या जुन्या गाण्यांच्या ग्रुपमध्ये होते, रोज रात्री एक गाणं आणि त्याची माहिती टाकायचे. आम्ही सगळे त्यांच्याकडून खूप शिकलो. आत्ता उत्तर द्यायची काहीच गरज नाही. तेरवी झाल्यावर त्यांच्या आवडीची गाणी ऐकायला एक संध्याकाळ बसायचा विचार आहे, तुमची परवानगी असेल तरच. तुम्ही आलात तर आनंद होईल, नाही आलात तरी चालेल."

ह्याच्यात तीन गोष्टी आहेत: आपण कोण, उत्तराची घाई नाही, आणि परवानगी. पैशाची मदत वगैरे ह्याच मेसेजमध्ये घुसवू नका, ती वेगळी आणि एकट्याने बोलायची गोष्ट आहे. उत्तर आलं नाही तर तेरवीपर्यंत गप्प राहायचं, नंतर एकदा विचारायचं. नाही म्हणाले तर नाही, मग ग्रुपमध्ये ऑनलाइनच बसा आणि घरचा फोटो, घरचं नाव, काही वापरू नका.

एक अजून. घरच्यांना कधी कधी माहीतच नसतं की हा माणूस रात्री मोबाइलमध्ये काय करायचा. "हे दिवसभर फोनमध्येच असायचे" असं तक्रारीच्या सुरात म्हणतात. त्यांना सांगा की काय करायचे ते. भाऊच्या मुलाला आम्ही बापाने लिहिलेलं वाचून दाखवलं तर तो म्हणे बाबांना एवढं माहीत होतं? घरात कधी बोललेच नाहीत. ह्या सगळ्या उपद्व्यापात घरच्यांच्या उपयोगाचं खरं एवढंच निघतं, आणि ते फुकट आहे.

दिवस कोणता, वेळ कोणती

तेरवीच्या आधी घरात पाहुण्यांची गर्दी असते, तेव्हा नको. नंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी ठेवा. फार लांबवलं तर लोक पांगतात. वाढदिवस जवळ असेल तर तो दिवस उत्तम.

बाहेर देशातले लोक असतील तर गणित मांडावं लागतं. आपले रात्रीचे ८ म्हणजे लंडनला दुपारचे अडीच किंवा साडेतीन, न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा, त्यांचं घड्याळ हिवाळ्याचं आहे की उन्हाळ्याचं त्यावर. दोघांनाही जमते. मरतो तो सिडनीवाला, त्याची मध्यरात्र उलटलेली असते, त्याला रेकॉर्डिंग पाठवा. मेसेजमध्ये वेळ लिहिताना "भारतीय वेळ" असं लिहाच, नाहीतर कोणीतरी तासभर उशिरा येऊन विचारतो की संपलं का.

सुरुवातीचं मौन ठेवायचं असेल तर त्याला मिनिट ठरवून द्या. आपल्या विदर्भात हे नवीन नाही, गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे जागच्या जागी उभे राहतात, जे तिथे पोचू शकले नाही ते असतील तिथे उभे राहतात. ऑनलाइन ग्रुपला हीच पद्धत लागू पडते. ८ वाजता जो जिथे आहे तिथे दोन मिनिटं, कॉल लागला नसेल तरी. आणि मग लगेच गाणं, भाषण नाही.

त्याची यादी काढायची कशी

हे काम वेळखाऊ आहे, पण मजा पण ह्यातच आहे. ग्रुपमध्ये जो सगळ्यात जुना मेंबर आहे त्याने चॅट एक्स्पोर्ट करायचं, कारण नंतर आलेल्याच्या फोनमध्ये आधीचे मेसेज नसतात. व्हॉट्सॲपवर ग्रुप उघडून मेनूतून एक्स्पोर्ट चॅट, आणि तिथे "मीडियाशिवाय" निवडा, कारण मीडियासकट घेतलं तर जुने मेसेज कमी येतात आणि फाइल भलतीच मोठी होते. ग्रुपला ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी लावलेली असेल तर एक्स्पोर्ट होत नाही, ॲडमिनला सांगून तेवढ्यापुरती बंद करून घ्या. जी टेक्स्ट फाइल मिळते ती लॅपटॉपवर उघडायची आणि मित्राच्या नावाने शोधायची. तुमच्या फोनमध्ये त्याचं नाव ज्या स्पेलिंगने सेव्ह आहे तेच फाइलमध्ये येते, हे लक्षात ठेवा.

मग एक साधी शीट करा. तारीख, गाणं, गायक, संगीतकार, आणि शेवटचा मोठा कॉलम म्हणजे त्याने काय लिहिलं, जसंच्या तसं. स्पेलिंग सुधारू नका. भाऊ अॅकॉर्डियनला कायम "अकाडियन" लिहायचा, आम्ही तसंच ठेवलं. लिंक असतील तर त्यातल्या कितीतरी व्हिडिओ उडालेले असतात, त्यामुळे लिंकवर भरवसा न ठेवता गाण्याचं नाव आणि गायक हाताने लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी शीटमध्ये नुसते निळे अक्षरं राहतील.

शीट भरता भरता माणूस दिसायला लागतो. भाऊचं खूळ म्हणजे वाजवणारे आणि अॅरेंजर (गाण्यात कोणतं वाद्य कुठे वाजेल ते बसवणारे). शंकर जयकिशनचं गाणं कोणी टाकलं की तो लगेच, संगीतकाराचं नाव सगळे घेता, सेबॅस्टियन डिसोझाचं कोण घेतं? आणि पंचमचं, म्हणजे आर. डी. बर्मनचं, काही आलं की सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग आहेत हे सांगितल्याशिवाय त्याला झोप येत नव्हती. ग्रुपवर रोज वाचताना कंटाळा यायचा कधी कधी, खरं सांगतो. पण शीटमध्ये एकाखाली एक वाचलं तर कळलं की हा माणूस गाणं कसा ऐकत होता, सगळे गळ्याकडे पाहायचे आणि हा गळ्याच्या मागे कोण उभं आहे ते पाहायचा. बस, बैठकीचा धागा तिथेच सापडला. तुमच्या मित्राचा धागा वेगळा असेल, कोणी फक्त पावसाची गाणी टाकतो, कोणी फक्त एकाच गायिकेची, कोणी दर सोमवारी अभंग. तो धागा सापडेपर्यंत गाणी निवडायला बसू नका.

जे त्याने कधी रागाने नाकारलं ते पण नोंदवा. "हे रिमिक्स माझ्या समोर लावू नका" असं कोणी लिहिलं असेल तर ते बैठकीत वाचून दाखवण्यासारखं असते, लोक हसतात आणि हवा मोकळी होते.

गाणी निवडणं आणि फर्माईशीची पद्धत

जुनं फिल्मी गाणं साधारण साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर असते, कारण ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. बारा गाणी घेतली तर पाऊण तास, आणि प्रत्येकाआधी दोन तीन मिनिटं बोलणं धरलं तर सव्वा तास दीड तास. ह्याच्या वर जाऊ नका. वीस गाण्यांची यादी केली तर पंधराव्याला लोक फोन पाहतात.

ख्याल किंवा गझल मैफल आवडणारा मित्र असेल तर बाराचा नियम विसरा, दोन मोठ्या चिजा आणि एक छोटी, झालं. शेवटी भैरवी ठेवायची रीत आहे, रात्र असली तरी चालते, मैफलीत भैरवीला वेळेचं बंधन पाळत नाहीत.

दुःखाची गाणी एकामागे एक लावू नका, हे मी अनेकदा पाहून झालंय, तिसऱ्या गाण्याला हवा जड होऊन जाते आणि मग कोणालाच बोलता येत नाही. त्याने जी टाकली त्यात नाचायची गाणी असतील तर ती पण आली पाहिजे. पहिलं गाणं चालतं फिरतं ठेवा, मधे कुठेतरी त्याचं सगळ्यात लाडकं, आणि निरोपाचं म्हणाल असं एकच, तेही शेवटून दुसरं.

बोलायचं कसं ह्याच्यासाठी आम्हाला रेडिओची फर्माईश सगळ्यात बरी वाटली. आपल्या लोकांना ती सवयच आहे. आकाशवाणीची आपली आवड, विविध भारती १९५७ ला सुरू झाली तिथल्या फर्माईशी, त्याच्याही आधी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला १९५२ पासून. झुमरी तलैयासारख्या एवढ्याशा गावाचं नाव देशभर झालं ते फर्माईशींच्या पत्रांमुळे. एकमेकांना कधी न भेटलेले लोक फक्त नावाने आणि गाण्याने ओळखीचे व्हायचे, मग आपला ग्रुप काय वेगळा आहे?

तर करायचं असं. प्रत्येक गाणं एका मेंबरला वाटून द्या. त्याने आधी चार ओळी लिहून पाठवायच्या: हे गाणं मित्राने कधी टाकलं, काय लिहिलं होतं, आणि माझा त्याच्याशी ह्याच्यावरून काय वाद झाला. चार म्हणजे चारच. निवेदन करणारा एकच माणूस ठेवा, आवाज बरा असलेला आणि रडू आवरू शकणारा, त्याने वाचायचं, "ही फर्माईश आहे यवतमाळहून..., वर्ध्याहून..., गोंदियाहून..., आणि न्यू जर्सीहून..." आणि मग गाणं. ह्याचा फायदा असा की ज्याला माइकवर बोलता येत नाही त्याचंही नाव येते, आणि जो दहा मिनिटं बोलणारा आहे त्याला आपोआप लगाम बसतो. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक असतोच, तुम्हाला माहीत आहे कोण.

त्याचा स्वतःचा आवाज

व्हॉइस नोट असतील तर आत्ताच काढून ठेवा. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरमध्ये व्हॉइस नोट्सचं वेगळं फोल्डर असते, फाइलच्या नावात पीटीटी आणि त्याच्यापुढे वर्ष महिना दिवस असा आकडा असतो, म्हणून तारखेने शोधता येते. फाइल ओपस प्रकारातली असते. ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे त्यात उघडा, उघडली नाही तर एफएफएमपेग (अशा फाइली वाचायची जोड) टाकून घ्या. आवाज गाण्यापेक्षा बराच लहान येतो, तो ऑडॅसिटीतल्या नॉर्मलाइजने गाण्याच्या बरोबरीला आणा, पण मागचा पंख्याचा, रस्त्याचा, कुकरच्या शिटीचा आवाज साफ करत बसू नका. भाऊच्या एका नोटमध्ये मागे भाजीवाला ओरडून राहिला होता, तो काढला असता तर इतवारीच निघून गेली असती.

वाजवायच्या आधी दोन कामं. घरच्यांना विचारणं, आणि बैठकीत आधी सांगणं की आता त्याचा आवाज येणार आहे. अचानक लावू नका, समोर त्याची बायको किंवा आई बसलेली असू शकते. एकच नोट, आणि अशी की जिच्यात तो गाण्याबद्दल बोलतोय. तब्येतीची, शेवटच्या दिवसांची नोट कितीही जवळची वाटली तरी ती तुमच्या फोनमध्येच राहू द्या.

आणि हे आजकाल कोणी ना कोणी सुचवतोच म्हणून लिहितो: एआयने त्याच्या आवाजात नवीन निवेदन बनवायचं नाही. जमते म्हणून करायचं का? जे तो बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालून घरच्यांना ऐकवणं मला तरी सहन होत नाही, आणि ज्यांनी ऐकलं त्यांना नंतर खरी नोट पण खोटी वाटायला लागते.

खोली, कूलर आणि स्पीकर

वीस पंचवीस जण असतील तर कोणाचा तरी हॉल, म्हणजे घरातला हॉल, सगळ्यात चांगला. फुटाळ्यावर किंवा अंबाझरीला तलावाकाठी बसू म्हणणारे असतात, पण तिथे गाड्या आणि गर्दी, गाण्याचं काही ऐकू येत नाही. सोसायटीचा हॉल घेतला तर फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो, सतरंज्या टाका, पडदे असतील तर ओढा, लोक बसले की बराच फरक पडतो. रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, तेव्हा साडेनऊला आवरायचं धरूनच सुरू करा.

मार्च ते जून मधे बैठक असेल तर नागपूरकरांना एक खास भानगड: कूलर. कूलर सुरू ठेवला तर खर्ज गेलाच, तानपुरा गेला, हळू गाणं गेलं. बंद ठेवला तर माणसं जातात. आम्ही काय करतो तर तासभर आधी कूलर लावून खोली थंड करून घेतो, ताट्या चांगल्या ओल्या, आणि गाणं सुरू झालं की पंखा आणि पंप दोन्ही बंद, निवेदनाला परत चालू. साडेतीन मिनिटं माणूस गरमी काढतो. त्यासाठी बटणाजवळ एक पोरगं बसवा आणि त्याला यादी द्या. नुसता पंप बंद केला आणि पंखा राहिला तर काही उपयोग नाही, मोठा आवाज पंख्याचाच असतो.

स्पीकर एकच पण बरा. ब्लूटूथचा छोटा डब्बा नको, आणि जोडायचाच असेल तर वायरने जोडा, म्हणजे मधेच कोणाचा फोन वाजून गाणं तुटत नाही. ज्या फोनवरून वाजवणार तो फ्लाइट मोडवर आणि गाणी आधीच उतरवलेली. जाहिरात! हे सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं खरं तर. यूट्यूबवरून थेट लावलं तर त्याच्या लाडक्या गाण्याच्या मधोमध कोणीतरी बनियन विकायला येतो. पैसे भरून जाहिरात नसलेलं कोणाचं तरी अकाउंट वापरा, त्यात डाउनलोड करून ठेवा.

खायला चहा आणि काहीतरी सुकं, बास. त्याला तर्री पोहे आवडायचे म्हणून तेच ठेवू म्हणाल तर ठेवा, पण बैठकीनंतर, रस्सा घेऊन सतरंजीवर कोणी गाणं ऐकत नाही.

लांबच्या लोकांना जोडणं

कॉलवर सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायचं ही कल्पना डोक्यातून काढा. एकत्र वाजवणाऱ्यांना आवाज तीसेक मिलिसेकंदांच्या आत पोचला तरच ताल जमतो, आणि व्हिडिओ कॉलला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एक जण गाईल, बाकी म्यूट.

मोबाइल स्पीकरसमोर धरून गाणं ऐकवू नका, पलीकडे डब्यातून आल्यासारखं येते. झूम वापरत असाल तर स्क्रीन शेअर करताना खाली शेअर साउंडची टिक आहे ती लावा, तिथेच स्टिरिओ निवडता येते. गूगल मीट असेल तर क्रोममधून नुसती ती टॅब शेअर करा, आवाजासकट. फुकटचं झूम ४० मिनिटांनी बंद पडते आणि मीट ग्रुपसाठी ६० मिनिटांनी, म्हणून एक तर कोणाचं तरी पैसे भरलेलं अकाउंट घ्या किंवा मध्यंतर ठरवूनच टाका.

कोणी प्रत्यक्ष गाणार असेल तर झूममध्ये ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स नावाचं सेटिंग चालू करायला सांगा. नाहीतर होतं काय, सलग चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी असं समजून ते सॉफ्टवेअर तानपुरा खाऊन टाकते आणि गाणारा पोरका वाटतो. बैठकीच्या आदल्या दिवशी पाच मिनिटं त्याच्याशी कॉल करून तपासून घ्या.

फेसबुक लाइव्ह किंवा यूट्यूब लाइव्ह करू नका. कंपनीची रेकॉर्डिंग ओळखून तिथे आवाज बंद पडतो किंवा व्हिडिओच उडतो, आणि ते बरोबर शेवटच्या गाण्याला होते. आपल्याकडे रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो, आणि शब्दांचे आणि चालीचे हक्क त्याच्याहून वेगळे चालतात, म्हणून "जुनंच तर आहे" हे कारण पुरत नाही. घरात मित्रमंडळी बसून ऐकणं ही खासगी गोष्ट आहे. मोठा हॉल घेऊन सगळ्यांना जाहीर बोलवायचं असेल तर हॉलवाल्याला म्युझिक लायसन्सचं आधीच विचारा.

घरी कॅसेटी निघाल्या तर

जुन्या गाण्यांच्या माणसाच्या घरी कॅसेटी निघतातच, माळ्यावर किंवा दिवाणात, आणि घरचे म्हणतात घेऊन जा नाहीतर कबाडीला देतो. तुम्ही घेऊन जाऊ नका. डिजिटल करून द्यायचं कबूल करा आणि कॅसेट परत द्या. आत्ता नको वाटते, वर्षभराने मुलीला पाहिजे असते.

पहिलं काम म्हणजे प्रत्येक कॅसेटच्या आतल्या कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो. त्याच्या अक्षरातली यादी कधी कधी गाण्याहून जास्त सांगते. भाऊच्या एका कार्डावर बी साइडला शेवटी लिहिलं होतं "लाइट गेली, अर्धवट", आणि त्याच्याखाली वेगळ्या शाईने, "परत लागलं नाही".

मग कॅसेटच्या वरच्या कडेला मागे जे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात ते मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी त्याच्यावर काही चढत नाही. आतमधे टेपमागे एक छोटी नमद्याची गादी असते, ती निखळली असेल तर आवाज दबका येतो, दुसऱ्या फालतू कॅसेटमधून काढून लावता येते. आपल्या उन्हाळ्यात माळ्यावर राहिलेली टेप आतल्या आत घट्ट बसलेली असते, सरळ प्ले करू नका, आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा. तुटली तर साधी सेलोटेप लावायची नाही, तिचा डिंक पसरून हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) चिकटतो, स्प्लायसिंग टेप ऑनलाइन मिळते.

डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र, कोणाकडून तरी मागून आणा. हेड कापसाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबराच्या रोलरला मात्र ते जास्त लावू नका. डेकच्या लाइन आउटमधून, नसेल तर हेडफोनच्या भोकातून, वायर लॅपटॉपला. लॅपटॉपला आजकाल लाइन इन नसतेच, त्यासाठी यूएसबीचं छोटं साउंड कार्ड मिळते ते घ्या. ऑडॅसिटीत ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल. तासाला साधारण साडेसहाशे एमबी होतात, होऊ द्या. आवाजाची पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये एवढी ठेवा. आवाज बोथट येत असेल तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून पाहा, जिथे झांज स्पष्ट वाजायला लागते तिथे थांबा.

रेडिओवरून भरलेल्या कॅसेटीत निवेदकाचा आवाज असतो, मधेच बातम्यांची धून येते. ते कापू नका. गाणं तर कुठेही मिळेल. मूळ वेव्ह फाइल तशीच ठेवून घरच्यांना एमपीथ्री करून द्या, पेनड्राइव्हवर, फोल्डरचं नाव कॅसेटवरच्या नावाप्रमाणे. आणि कॅसेट परत देताना सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात घालून द्या, माळ्यावर नको म्हणून सांगा, कपाटाच्या खालच्या कप्प्यात.

नंतरचं

शीट, व्हॉइस नोट, बैठकीचं रेकॉर्डिंग हे एका माणसाच्या ड्राइव्हवर ठेवू नका. तोही माणूसच आहे. दोघांकडे पूर्ण कॉपी आणि एक घरच्यांना. गूगल अकाउंट दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर काढून टाकलं जाऊ शकते, म्हणून मित्राच्या स्वतःच्या अकाउंटवर काही असेल तर घरच्यांना वेळेत सांगा. पासवर्ड तुम्ही मागू नका.

दरवर्षी बैठक करायची की नाही हे पहिल्याच वर्षी जाहीर करू नका. इथे सिव्हिल लाइन्सला गायक वसंतराव देशपांड्यांच्या नावाचं सभागृह आहे, आणि त्यांच्या स्मृतीत संगीत समारोह होतो, पण त्याच्यामागे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रासारखी संस्था उभी आहे. आपल्यामागे कोण आहे, चार जणं आणि एक कूलरवालं पोरगं. त्यापेक्षा वाढदिवसाला ग्रुपवर त्याच्या शीटमधलं एक गाणं, त्याच्याच शब्दांसकट टाकायचं, हे जमते.

राहिला त्याचा नंबर. १२० दिवस वापर नसेल तर व्हॉट्सॲप अकाउंट काढून टाकते, आणि सिम बंद झालं की कंपनी तो नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. तेव्हा वाढदिवसाला त्या नंबरवर भावनेच्या भरात मेसेज टाकणाऱ्यांनो, पलीकडून कोणीतरी अनोळखी माणूस "कोण बे?" विचारू शकते. ग्रुपचा तो एकटाच ॲडमिन असेल तर घरच्यांना फोन उघडायला लावू नका, नवीन ग्रुप करा, जुन्याचं एक्स्पोर्ट तर झालंच आहे. आणि नंबर फोनमधून काढायचा की ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं, त्याच्यावरून ग्रुपवर वाद नको.